कालची चाकोरी

ऑरिन : आरशात बघ.

डार्ला : बघितलं.

ऑरिन : कधी?

डार्ला : आत्ताच, बाबा.

ऑरिन : काय दिसलं?

डार्ला : बर्फ.

ऑरिन : बर्फ मला समोरूनही दिसतो. तुझा नवरा दिसला का?

डार्ला : येत असेल. वळणावर हळू घेत असेल.

ऑरिन : केल्बी? हळू? तेवीस वर्षं जावई आहे तो माझा. थांबव गाडी.

डार्ला : चढावर थांबवली तर पुन्हा उचलायची नाही.

ऑरिन : चाकांतली हवा उतरवलीस ना?

डार्ला : पायथ्यालाच. चारही पंधरा पौंडांवर आहेत.

ऑरिन : मग उचलेल. मऊ चाक बर्फाला धरून चालतं. थांबव.

डार्ला : घ्या. थांबवली.

ऑरिन : इंजिन बंद कर. काच खाली घे. ऐक.

डार्ला : काहीच ऐकू येत नाही.

ऑरिन : तेच म्हणतोय मी. त्याच्या पिकअपचा सायलेन्सर फुटल्याला दोन वर्षं झाली. निघाला की आख्ख्या खोऱ्यातली कुत्री उठतात. आणि आज काही ऐकू येत नाही. रेडिओवर हाक मार.

डार्ला : मारते.

ऑरिन : हा रेडिओ बंद कसा?

डार्ला : खरखर करत होता.

ऑरिन : रेडिओ खरखरच करतो. त्याचा धंदाच तो. लाव.

डार्ला : केल्बी. ऐकतोयस का? केल्बी, आम्ही चढावर थांबलोय. कुठे आहेस? ... केल्बी?

ऑरिन : पुन्हा.

डार्ला : केल्बी, बोल काहीतरी. शिवी दे हवी तर. ... मध्ये डोंगर येतोय, बाबा. म्हणून पोचत नसेल.

ऑरिन : शेवटचा कधी दिसला तुला?

डार्ला : फाट्याच्या अलीकडे.

ऑरिन : अलीकडे नको. फाट्यावर दिसला का?

डार्ला : तुम्ही घोरत होतात फाट्यावर.

ऑरिन : घोरत होतो म्हणूनच विचारतोय. जागा असतो तर विचारलं नसतं. थांबलीस ना तिथे?

डार्ला : थांबले.

ऑरिन : दिवे मिचकावले त्याने?

डार्ला : बाबा, चाळीस वर्षं ऐकतेय मी हे. एकट्या गाडीने डोंगरात जायचं नाही. मागचा आरशात ठेवायचा. फाट्यावर थांबायचं, मागच्याने दोनदा दिवे मिचकावले की मगच वळायचं. माझ्या लग्नात लोकांनी आशीर्वाद दिले, तुम्ही हे सांगितलंत.

ऑरिन : मिचकावले का, एवढंच विचारलं.

डार्ला : नाही.

ऑरिन : म्हणजे थांबली नाहीस.

डार्ला : खालच्या वळणावर त्याचे दिवे दिसले. म्हटलं येतोय. आणि निघाले.

ऑरिन : का?

डार्ला : कारण आज मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. आरशातसुद्धा.

ऑरिन : हं.

डार्ला : हं काय? ओरडा ना. हक्क आहे तुमचा.

ऑरिन : ओरडून गाडी वळत नाही. मागे घे.

डार्ला : इथे वळवायला जागा कुठे आहे? एका बाजूला कडा, एका बाजूला दरी.

ऑरिन : वळवू नकोस. आपल्याच चाकोरीतून मागे घे, त्या रुंद जागेपर्यंत. कोऱ्या बर्फात चाक घालायचं नाही. खाली काय असेल ते बर्फालाच ठाऊक. मी मागे बघतो.

डार्ला : तुम्ही बघता? डॉक्टरने तुम्हाला समोरचंच बघू नका म्हटलंय.

ऑरिन : चालवू नका म्हटलंय. बघायला बंदी नाही.

डार्ला : एका डोळ्याने खड्डा आणि सावली सारखीच दिसते तुम्हाला. मी बघते मागे. तुम्ही फक्त बोलू नका.

ऑरिन : नाही बोलत. ... डावीकडे जरा जास्त जातेयस.

डार्ला : बाबा!

ऑरिन : बरं.

डार्ला : झालं. वळली. फाटा दहा मिनिटांवर आहे. थर्मासमध्ये गरम चॉकलेट आहे, प्या. टोपणही उघडेना तुम्हाला.

ऑरिन : थंडीने.

डार्ला : हीटर लावलाय.

ऑरिन : मग म्हातारपणाने. तू पुढे बघ. भांडण नेवाडावरूनच ना?

डार्ला : तुम्हाला कोणी सांगितलं?

ऑरिन : भिंतीने. तुमची खोली आणि माझी, मध्ये एक फळी आहे. तिकडे सोन्याच्या खाणीत काम मिळतंय त्याला. चार दिवस खाणीत, तीन दिवस घरी. पगार इथल्या बटाट्याच्या गोदामापेक्षा दुप्पट. आणि तू म्हणतेस, जायचं नाही.

डार्ला : मी असं नाही म्हटलं.

ऑरिन : तू म्हणालीस, म्हाताऱ्याला कोणाच्या गळ्यात बांधू.

डार्ला : रागात म्हटलं ते.

ऑरिन : रागात म्हटलं म्हणून खोटं होत नाही. त्यावर तो काय म्हणाला, तेही ऐकलं.

डार्ला : तो काही वाईट नाही म्हणाला.

ऑरिन : नाही. तो म्हणाला, त्यांना विचार तरी. तुला विचारावंसं वाटलं नाही, एवढंच.

डार्ला : फाटा आला. बाबा, हे बघा. डावीकडे गेलाय. ही त्याचीच चाकं, रुंद. बर्फ पडतोय वरून, तरी कड अजून साफ आहे.

ऑरिन : हं.

डार्ला : पण खाली आणखी एक चाकोरी आहे. अरुंद. आणि गोठलेली, म्हणजे कालची. काल कोण आलं असेल?

ऑरिन : शिकारी असतील.

डार्ला : शिकारीचे दिवस संपून दोन आठवडे झाले.

ऑरिन : मग कोणी नाताळचं झाड तोडायला आलं असेल. आपल्यासारखंच.

डार्ला : आलं असेल. बरंच झालं. काल कोणी जाऊन आलंय म्हणजे रस्ता आहे. तुम्ही उगाच घाबरवलंत मला.

ऑरिन : आपली चाकं उजवीकडे गेलीत. ती जास्त ताजी होती. ती सोडून हा डावीकडे का वळला?

डार्ला : वाऱ्याने बुजली असतील.

ऑरिन : त्याची नाही बुजली. आपलीच तेवढी बुजली?

डार्ला : मला काय माहीत? सापडला की विचारा त्याला. मी पण विचारणार आहे, बरंच काही.

ऑरिन : हळू घे.

डार्ला : रस्ता मोकळा आहे.

ऑरिन : हळू घे म्हणतोय ना.

डार्ला : तुम्हीच म्हणाला होतात हळू घेणारा माणूस तो नव्हे. पोचू द्या की मला. मागे सायकलीवरून पडला तेव्हा दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं त्याने, हात मोडलेला असताना. तसाच कुठे गप्प बसला असेल. किंवा मजेत झाड तोडत असेल, मला दाखवायला. मोठं तोडेल. छताला टेकेल असं.

ऑरिन : डार्ला.

डार्ला : झाड तोडायच्या परवान्यावर आठ फूट लिहिलंय. बारा फुटांचं तोडेल तो.

ऑरिन : डार्ला, थांबव.

डार्ला : काय झालं?

ऑरिन : ब्रेक दाब. आत्ता. दाब म्हणतो ना!

डार्ला : दाबला! दाबला. किंचाळता काय? मला दिसतंय सगळं. रस्ता सरळ आहे. दोन्ही चाकोऱ्या सरळ गेल्यात.

ऑरिन : एक गेलेली नाही. तो मोठा देवदार दिसतोय? त्याच्या पुढे थोडी गेली, थांबली आणि मागे आली.

डार्ला : मागे आली तर वळल्याची खूण कुठे आहे?

ऑरिन : वळली नाही. त्याच चाकोरीतून उलटी आली. मघाशी तू आलीस तशी. म्हणून ती पुढे गेल्यासारखी दिसते.

डार्ला : तुम्हाला कसं ठाऊक?

ऑरिन : माझी आहे ती.

डार्ला : काय?

ऑरिन : काल तुम्ही दोघं कामावर होतात. माझी जुनी पिकअप काढली, आणि आलो.

डार्ला : एकटे? त्या डोळ्यांनी?

ऑरिन : पुढे रस्ता वाहून गेलाय. वसंतात पाणी आलं तेव्हाच गेला असणार. एक आख्खी पिकअप मावेल एवढी घळ आहे. वर बर्फ सपाट भरलाय, आणि ढगाळ उजेडात कड दिसत नाही. माझं पुढचं चाक खाली गेलं तेव्हा मला कळलं. कसाबसा मागे आलो.

डार्ला : आणि हे तुम्ही फाट्यावर सांगितलं नाहीत.

ऑरिन : सांगणार होतो.

डार्ला : कधी?

ऑरिन : प्रत्येक वळणावर.

डार्ला : काल रात्री जेवताना समोर बसला होतात तुम्ही! केल्बीने तुम्हाला बटाटे वाढले!

ऑरिन : हो.

डार्ला : एक शब्द. वरचा रस्ता गेलाय. तीन शब्द. तेवढे जमले नाहीत?

ऑरिन : ते बोललो असतो तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं ठाऊक.

डार्ला : दार उघडा. उतरा. उतरा लवकर!

ऑरिन : पळू नकोस! देवदाराच्या पुढे पळू नकोस. पाय आपटत चाल, माझ्या मागून.

(दोघं चालत निघतात. बर्फ गुडघ्यापर्यंत आहे.)

डार्ला : केल्बी! ... केल्बी!

ऑरिन : थांब. वास येतोय. पेट्रोलचा.

डार्ला : केल्बी!

केल्बी : ओरडू नकोस. डोंगर अंगावर येईल.

डार्ला : देवा. देवा रे. कुठे आहेस?

केल्बी : खाली. मागचे दिवे तुझ्या नाकासमोर असतील.

डार्ला : दिसले. बाबा, नाकावर उभी आहे गाडी. डाव्या कुशीला कललीय. एका बारक्या झाडाला टेकलीय, बाबा, मनगटाएवढ्या झाडाला.

ऑरिन : केल्बी, लेका, इंजिन?

केल्बी : बंद केलं. लगेच. रेडिओ गाडीबरोबरच मेला. ऑरिन, तुम्हीही आलात? छान. सगळं घरच आलं.

ऑरिन : लागलंय का?

केल्बी : डावा पाय पेडलाखाली अडकलाय. बूट निघत नाही. पाय आहे की नाही तेही आता कळत नाही. आणि गाडी मधूनमधून हलते. मी श्वाससुद्धा विचारून घेतोय.

डार्ला : मी येते खाली.

ऑरिन : अजिबात नाही. आधी गाडी बांधायची, मग माणूस. तुझ्या वजनाने ते झाड गेलं तर दोघंही खालच्या ओढ्यात. तुझी पिकअप देवदारापर्यंत आण. पुढे नको, एक वीतही नको.

डार्ला : आणते.

ऑरिन : केल्बी, बोलत राहा.

केल्बी : काय बोलू?

ऑरिन : खाणीचं सांग.

केल्बी : तुम्हाला ठाऊक आहे?

ऑरिन : फळी पातळ आहे.

केल्बी : ऑरिन, मी कधी असं म्हटलं नाही की तुम्हाला टाकून...

ऑरिन : ऐकलंय मी, काय म्हणालास ते. पगाराचं सांग. झोप येतेय का?

केल्बी : थोडी.

ऑरिन : झोपलास तर तुझी सगळी हत्यारं शेजाऱ्याला देऊन टाकीन. आली डार्लाची गाडी, तिच्या विंचची, म्हणजे ओढायच्या रहाटाची, तार लावतो. डार्ला, तार घेऊन ये. त्याच्या मागच्या आकड्याला हात पुरतो का?

डार्ला : पोटावर झोपले तर पुरेल. माझे पाय धरा. ... आणखी थोडं. ... लागला. आकडा लागला.

ऑरिन : आता तुझा कोट काढ आणि तारेवर टाक.

डार्ला : थंडी...

ऑरिन : तार तुटली तर माणूस कापते. वर वजन असलं तर खाली पडते. टाक. माझाही टाक. आता ताण घे, अगदी हळू. केल्बी, करकरलं तर घाबरू नकोस.

केल्बी : उशीर झाला.

डार्ला : ताण बसला. हलत नाहीये.

ऑरिन : ओढायचं नाही. नुसतं धरायचं. आता तू खाली जा. मी तुझ्या पिकअपमध्ये बसून ब्रेक दाबून धरतो.

डार्ला : तुम्ही?

ऑरिन : खाली उतरणं मला जमायचं नाही, गुडघे गेलेत. ब्रेकला असलाही गुडघा चालतो, डोळा लागत नाही. कोणीतरी बसायला हवं. नाहीतर बर्फावर तुझी गाडीही हळूहळू त्याच्या मागे जाईल.

डार्ला : आणि पाय घसरला तर?

ऑरिन : डार्ला, दुसरं कोणी नाहीये इथे.

डार्ला : पाय काढायचा नाही. काहीही झालं, मी ओरडले तरी. मी स्वतः येऊन दार उघडीपर्यंत.

ऑरिन : नाही काढणार.

डार्ला : केल्बी, मी वरच्या दाराने येतेय. हलू नकोस.

केल्बी : हलायचं असतं तर एव्हाना घरी गेलो असतो. सांभाळून, काच आहे. ... रक्त ओठाचं आहे, घाबरू नकोस. तुझे हात किती गार आहेत.

डार्ला : कोट तारेवर आहे. चाकू कुठे आहे तुझा?

केल्बी : उजव्या खिशात. काय करतेयस?

डार्ला : बूट राहू दे तिथे. नाडी कापते. पाय त्यातून ओढून काढायचा.

केल्बी : नवे बूट आहेत.

डार्ला : गप्प. मोजते. तीनवर ओढ. एक, दोन...

केल्बी : आई गं! तीन कुठे गेले?

डार्ला : तीनला तू ताठ झाला असतास. निघाला. निघाला, केल्बी. माझ्या गळ्याला धर. आधी दारात बस. ... गाडी हलली का?

केल्बी : हलली. वरून धरून ठेवली कोणीतरी.

डार्ला : बाबांनी. चल. वर. कोपर रोव. आणखी. ... आलो. बाबा! बाबा, आलो वर! सोडा आता. ... सोडा म्हणते ना, बाबा, दार उघडलंय मी, मीच आहे.

ऑरिन : पाय उचलत नाहीये. गोळा आलाय.

डार्ला : मी उचलते. असं. सरका तिकडे. केल्बी मध्ये बसेल. हे चॉकलेट द्या त्याला.

ऑरिन : कोट घाला दोघं. तार तुझ्या गाडीवरून सोडवून देवदाराला बांध, त्याची गाडी तशीच राहू दे. उद्या माणसं घेऊन येऊ. आत्ता दवाखाना.

डार्ला : देवदाराला पट्टा बांधून तार त्याला अडकवली. निघते. मागे घेते, चाकोरीतून.

केल्बी : ऑरिन, तळाची ती चाकोरी तुमची होती ना? पुढच्या उजव्या चाकाचा ठसा वेगळा. तुमच्या गाडीला तीन टायर एका कंपनीचे, एक दुसऱ्या. ती बघितली, आणि म्हटलं ऑरिन गेलाय म्हणजे वाट आहे. नंतर खाली बसल्या बसल्या आठवलं, तुम्ही तर गाडी चालवत नाही.

ऑरिन : चालवली काल.

केल्बी : कशाला?

ऑरिन : एकट्याने जमतं का, बघायला. जमलं असतं तर तुम्हाला सांगणार होतो, जा नेवाडाला, माझं काही अडत नाही.

केल्बी : मग?

ऑरिन : तू बसला होतास की त्याच घळीत. बघितलंस किती जमतं ते. लेका, मी कालच बोलायला हवं होतं. मेला असतास तर तो खून माझ्या डोक्यावर होता.

डार्ला : तुमच्या एकट्याच्या नाही. केल्बी, मी फाट्यावर थांबले नाही. दिवे दिसले होते तुझे. दिसले, आणि तरी निघाले. रेडिओही मीच बंद केला होता. तुला वाट कळली नाही ती माझ्यामुळे.

केल्बी : कळली होती.

डार्ला : काय?

केल्बी : वाट. तू उजवीकडे वळलीस ते मला दिसलं. तुझे मागचे लाल दिवे झाडांत जाईपर्यंत बघत होतो. चाकंही ताजी होती.

ऑरिन : मग डावीकडे का गेलास?

केल्बी : तिच्या मागे जायचं नव्हतं मला. आज नाही. म्हटलं, शोधू दे हिला जरा. इकडे ऑरिनची चाकं आहेतच, वरच्या पठारावर जाऊन बसू तासभर, झाड तोडू.

डार्ला : मी शोधावं म्हणून.

केल्बी : तासभर. जास्त नाही.

डार्ला : मी हाका मारत होते. तू माझ्यावर रुसून बसला होतास.

केल्बी : दहाच मिनिटं रुसलो. नंतर पडलो.

डार्ला : मला हसू येत नाहीये.

केल्बी : मलाही नाही.

ऑरिन : पोरांनो...

डार्ला : तुम्ही नका बोलू, बाबा.

केल्बी : डार्ला, त्या झाडाला टेकलो तेव्हा मला वाटलं होतं, ही आता घरी पोचली असेल. जेवायला बसली असेल. माझी आठवण निघायलाच उद्याची सकाळ होईल. तेच योग्य आहे, असंही वाटलं.

डार्ला : तुला वाटलं मी येणार नाही?

केल्बी : वाटलं.

डार्ला : तेवीस वर्षांनी?

केल्बी : हो. ... थांबवतेस का गाडी? रडायचं असेल तर थांबव.

डार्ला : थांबवत नाही. तुझा पाय निळा पडलाय. खाली रस्त्याचा खडकाळ पट्टा आहे, हादरे बसतील.

केल्बी : बसू दे.

डार्ला : खांद्याला धर माझ्या. घट्ट धर.